चार टायर आणि आठवा महिना

१९ जानेवारी, सोमवार
आज गाडी धुताना टायर नीट पाहिले. चारही गुळगुळीत. पुढच्या डाव्याला साइडने फुगाही आलाय. किशोरीला सांगायला नको होतं, पण ती बादली घेऊन शेजारीच उभी होती. म्हणाली, या टायरांवर नेत्राला बसवायची नाही.

मुद्दा योग्य. आमच्या लेकीला, नेत्राला, सातवा लागतोय. ८ फेब्रुवारीला तळ्याला तिच्या सासरी ओटीभरण आणि त्यानंतर पहिल्या बाळंतपणाला ती इकडे किहीमला. आणणार मी, माझ्या गाडीतून. लग्नात व्याह्यांसमोर आणि त्यांच्या तळ्याच्या निम्म्या बाजारपेठेसमोर मी बोललो होतो की माझ्या गाडीत डॅशबोर्डवर पाण्याचा ग्लास ठेवा, थेंब सांडणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

किशोरीने कॅलेंडरवर २० फेब्रुवारीभोवती गोल काढलाय. त्या दिवशी आठवा लागतो. आठव्यात बाईला प्रवास नाही, व्याह्यांकडे हे कडक आहे, आणि नवव्यात तर कोण हलवतंय. म्हणजे हातात महिना आहे. चार टायरांना महिना म्हणजे चिक्कार झाला.

संध्याकाळी चोंढीला निकेतच्या दुकानात. माझी गाडी साधी नाही, आम्ही भाड्याने देतो त्या कॉटेजवर येणाऱ्या एका मुंबईच्या पार्टीकडून घेतलेली, सतरा इंची अलॉय चाकांची. तिला परफॉर्मन्स टायर लागतात. निकेतने साइझ वाचली आणि सरळ सांगितलं, चौऱ्याण्णवशे एक. पुस्तक उघडलं नाही, कॉम्प्युटर पाहिला नाही. भाव ओठावर तयार होता. कोणासाठी तयार होता?

वर टायर फिरवून त्यावरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, तीनच महिन्यांपूर्वीचा माल आहे काका, म्हणाला. मी विचारलं नव्हतं. न विचारता जो माणूस तारीख दाखवतो त्याच्या मनात तारखेबद्दल काहीतरी आहे.

विचार करून सांगतो म्हणून निघालो.

२१ जानेवारी
प्लंबरच्या मोबाईलवरून निकेतला फोन केला. आवाज जाड काढला, पेणहून बोलतोय म्हणून सांगितलं. म्हणाला, चौऱ्याण्णवशेच आहे काका, तुम्हाला परवा सांगितला तोच.

एवढा पक्का भाव प्रामाणिक माणसाचा नसतो. प्रामाणिक माणूस थोडा तरी डगमगतो.

२३ जानेवारी
किशोरीकडून फोन करवला. तिला ब्याण्णवशे सांगितला! मला दोनशे जास्त. चार टायरांचे आठशे. पकडला.

किशोरी म्हणाली, मग ब्याण्णवशेने घेऊन टाका की, मी पैसे काढून देते. तिला तत्त्व कळत नाही. ज्याने एकदा आठशेला फसवायचा प्रयत्न केला त्याच्याकडून आठशे वाचवून घ्यायचे म्हणजे त्याला माफ केल्यासारखं होतं. शिवाय निकेत तिला मावशी म्हणतो. मला काका म्हणतो. यात काही आहे का, पाहायला हवं.

निकेतचा दुसरा प्रस्ताव: सतरा इंची काढून साधे पंधरा इंची टायर आणि लोखंडी रिम घाला, निम्म्यात होईल, खड्ड्यांनाही बरं. म्हणजे माझी पायरी त्याने ठरवली. नकार.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला गेलो नाही, टायर रिसर्च केला. नेटवर एकदाच साइझ टाकली तर तेव्हापासून मोबाईलवर सगळीकडे टायर. बातम्यांत टायर, हवामानात टायर. किशोरी मोदकांची रेसिपी पाहत होती, त्याच्याही खाली टायर. कोणीतरी लक्ष ठेवून आहे. मोबाईल फ्रिजवर ठेवला आणि पुढचे सगळे आकडे वहीत.

वहीत तक्ता केला. निकेत, अलिबाग, पनवेल, ऑनलाइन. सगळ्यांचे भाव शंभर-दोनशेच्या फरकाने सारखे. महाराष्ट्रातल्या टायरवाल्यांची आतून युनियन आहे. आता राज्याबाहेर पडल्याशिवाय खरा भाव कळणार नाही.

३० जानेवारी
बुधाजी भेटला. पेणचा, पूर्वी मिठागर होतं त्यांचं, आता सहा ट्रक. त्याच्या गाड्या गुजरातला जातात. त्याला विचारलं, टायर पलीकडे स्वस्त पडतात का. म्हणाला, दमनला सगलाच स्वस्त हाय भाऊ, लोक उगाच जातान का तिकरं?

हेच हवं होतं. पेट्रोल पलीकडे स्वस्त, बाकीच्या गोष्टी दमनला किती स्वस्त ते तर जगाला माहीत. टायरच तेवढे कसे महाग असतील? लॉजिक आहे.

दमनला लागूनच असलेल्या वापीच्या हायवेवरच्या एका दुकानाचा नंबर मिळवला. भाव विचारला तर तो म्हणाला, आप आ जाइए, बैठ के बात करेंगे. भाव सांगितलाच नाही. याला म्हणतात धंदा. निकेतसारखं तोंडावर आकडा फेकणं नाही.

जायचं नक्की. रविवारी.

१ फेब्रुवारी, रविवार
कॉटेजला गेस्ट आले. जाणं रद्द. तसेही रविवारी भाव चढे असणार.

४ फेब्रुवारी
खोकला. किशोरी म्हणते निकेतकडे टायर अजून आहेत, तिने विचारलं. तिने का विचारलं?

८ फेब्रुवारी, रविवार
तळा. ओटीभरण झालं. एसटीने गेलो, इंदापूरला उतरून दुसरी गाडी. व्याही बाबाजींनी उतरल्या उतरल्या विचारलं, गाडी कुठे? सांगितलं, तिचं स्पेशल काम चाललंय, परफॉर्मन्सचं. जावईबापू शुभम यांनी मान डोलावली, पण हसू दाबलंसं वाटलं.

नेत्रा हिरव्या साडीत. छान दिसत होती, आईसारखी, पण हे मी कोणाला बोललो नाही. तिने बॅग भरून दारामागे ठेवली होती. मला वाटलं नव्हतं ती आजच निघायच्या तयारीत असेल. मी जाहीर केलं, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, राजेशाही थाटात नेतो. ती म्हणाली, बरं पप्पा. बॅग तिथेच राहिली.

विहीणबाई, नीराबाई, म्हणाल्या भाड्याची गाडी करा ना, दोन-अडीच तासांचा तर रस्ता. नकार दिला. मग त्यांनी सहज म्हणून मागची खोली दाखवली. नवा पंखा, उन्हाला पडदा, कॉटखाली शेगडी. न्हाय जमलं तर हाय हितं सगलं, म्हणाल्या. इतकी तयारी सहज होत नाही. या बाईला नातवंड आपल्याच घरात जन्माला यायला हवंय. सावध राहायला हवं.

परतीच्या एसटीत किशोरी खिडकीबाहेर पाहत होती. अलिबागला उतरताना एवढंच म्हणाली, वीस तारीख लक्षात आहे ना. आहे.

१२ फेब्रुवारी, पहाटे ५
वापीला निघतोय. किशोरी म्हणते या टायरांवर तळ्याला जाता येत नाही तर वापीला कसे जाता? तिला समजावलं की तळ्याला नेत्रा असणार आणि वापीला मी एकटा. शिवाय नवे टायर आणायला जुन्या टायरांवरच जावं लागतं, याला इलाज नाही. ती आत गेली. पटलं असावं.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६, वापी
विजय. एक्क्याण्णवशेला एक. निकेतपेक्षा तीनशे कमी! (किशोरीच्या भावापेक्षा शंभर, पण तो भाव खरा नव्हताच.)

शेठ सज्जन. बसवलं, चहा, वर फाफडा. मीच भाव पाडला, पंच्याण्णववरून एक्क्याण्णववर, त्याला घाम फुटला. मध्येच तो म्हणाला की साहेब टायरवरचा टॅक्स तर सगळ्या देशात एकच आहे, तुम्ही इतक्या लांब कशाला आलात? हसून सोडून दिलं. गिऱ्हाइकाची परीक्षा घेण्याची गुजराती पद्धत.

तारीखबिरीख दाखवण्याचा फालतूपणा त्याने केला नाही. विश्वासाचा धंदा.

फिटिंग मात्र करून घेतलं नाही. दोन कारणं. एक, टायर काढताना माझ्या अलॉयची अदलाबदल झाली तर? दुसरं जास्त महत्त्वाचं. नवे टायर अडीचशे किलोमीटर घासत न्यायचे म्हणजे नेत्रा बसेपर्यंत ते वापरलेले झाले. तिच्यासाठी कोरे हवेत. दोन मागच्या सीटवर, दोन डिकीत. जुन्यांवरच परत.

उद्या सकाळी निघणार. इथल्या लॉजवर कुलूप आपलंच लावलंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
फक्त नोंदी. नंतर सविस्तर तक्रार लिहीन.

सीमेपलीकडून स्वस्तातला माल आणतोय तर तो उघडा कोण नेतं? रस्त्यात चिकू घेतले, चार पाट्या. टायरांवर चादर, चादरीवर चिकू. नाक्यावर दारू तपासणारे उभे. विचारलं काय आहे. मी म्हणालो चिकू. चादरीखाली काय? मी म्हणालो काही नाही.

इथे थोडी चूक झाली. टायर आहेत असं म्हणालो असतो तर कदाचित सोडलं असतं. टायर आणायला बंदी नाही, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी माझा चेहरा त्यांच्या बाजूने झाला.

अडीच तास. चिकू एकेक खाली. चारही टायर रस्त्यावर गडगडवून आतून हात घालून पाहिले. बाटली शोधत होते. साहेब म्हणाले, काका, बिल आहे, माल आहे, मग लपवलं कशाला? मी चिकू पुढे केले. त्यांनी दोन चिकू घेतले, पैसे दिले. त्यातही काही असेल.

तिथून वेळ भरून काढायला जरा जोरात. मनोरच्या अलीकडे पुढचा डावा फुटला. फुग्यावाला. गाडी दुभाजकाला घासली, मला काही नाही. अलॉयला आरपार चीर. स्टेपनी काढली तर ती पंधरा इंची, मुळात कोणत्या गाडीची कोण जाणे. मुंबईच्या पार्टीने तिथेही हात मारलाय.

गॅरेजवाल्याने मागच्या सीटवरचे कोरे टायर पाहिले, माझे गुळगुळीत पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. त्याचं ते पाहणं मला आवडलं नाही.

१४ फेब्रुवारी
मनोर. अलॉय मिळत नाही. किशोरीचा फोन. तिने लागलं का विचारलं, नाही म्हटलं. नेत्राला उद्या येत नसल्याचं तूच कळव म्हटलं. म्हणाली, तुम्ही कळवा.

नेत्रा म्हणाली, बरं पप्पा.

१६ फेब्रुवारी
घरी. गाडी टेम्पोवर चढवून आणली. बुधाजीचाच टेम्पो. बुधाजीला विचारलं, तू दमनहून किती टायर आणलेस आजवर? म्हणाला, टायर? टायर मी पनवेलला घेतू. दमनशी त बाटली आणतो. तेव्हाच का नाही सांगितलंस, तर म्हणे तुमी इचारला कुटं?

बुधाजीवरचा विश्वास आजपासून बंद.

दुपारी नाइलाजाने निकेतकडे. त्याने वापीचे टायर पाहिले, फिरवले आणि चार आकड्यांवर बोट ठेवलं. मीच वाचले. चार वर्षं जुने. चारही. घाम का फुटला होता शेठला, आता कळतंय.

निकेत म्हणाला, चालतील काका, कडक झालेत पण साठवण बरी असेल तर चालतील, मी बसवून देतो. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. अलॉय तो पनवेलहून मागवतोय.

१७ फेब्रुवारी
अमावस्या. आज तसंही आणता आलं नसतं. एक दिवस माझ्या खात्यातून गेला नाही.

१८ फेब्रुवारी
अलॉय उद्या सकाळी. किशोरी परस्पर निकेतशी बोलली. त्याने त्याची स्वतःची गाडी देऊ केली, ड्रायव्हर म्हणून तोच येतो म्हणाला, पेट्रोलसुद्धा तुम्ही घालू नका मावशी.

पेट्रोलसुद्धा नको? या जगात कोण कोणाला पेट्रोल फुकट देतं? मी विचार केला, यात त्याचा फायदा काय. तासभर केला. फायदा सापडला नाही आणि तीच गोष्ट मला खटकली. नकार कळवला. उद्या माझी गाडी तयार आहे. दुपारी बाराला निघू, तीनला तळा, दिवेलागणीपर्यंत नेत्रा घरी. नेत्राला तसं कळवलं. या वेळी मीच कळवलं.

किशोरीने नेत्राची खोली झाडून घेतली. गादी उन्हात घातली. माझ्याशी बोलली नाही, पण चहा दिला.

१९ फेब्रुवारी
दुपारी १२: अलॉय अजून नाही. शिवजयंतीची मिरवणूक, पेणला ट्रॅफिक, असं म्हणतात.
दुपारी २: नाही. निकेत म्हणाला माझी गाडी बाहेर उभी आहे काका. मी म्हणालो, दहा मिनिटं पाहू.
दुपारी ४: आलं.
५: बसवलं. बॅलन्सिंगला वजनं कमी पडली.
संध्याकाळी ६.४०: तयार. चारही टायर काळेभोर. गाडी उभी राहिल्यावर काय दिसते.

किशोरी अंगणात होती. दिवा लावून झाला होता. मी म्हणालो, चल, आता निघू, नऊपर्यंत पोचू, तिला घेऊन लगेच परत. ती म्हणाली, रात्री बारानंतर आठवा लागतो, पोटुशी पोर घेऊन मध्यरात्री घाटातून येणार? आणि आत जाऊन तळ्याला फोन लावला. नीराबाईंनी उचलला असणार. किशोरी म्हणत होती, हो ना, सकाळपासून साडी नेसून बसली असेल. नाही, आता नको. झोपू दे तिला.

मी गाडीत बसून होतो. नव्या टायरांचा वास येत होता. चार वर्षांचे असूनही येत होता.

२० फेब्रुवारी
सकाळी सातच्या एसटीने किशोरी तळ्याला गेली. मोठी बॅग, डिंक, खारीक, अळीव, बाळाची लंगोटं. मुलगी इकडे येत नाही तर आई तिकडे जाते, म्हणाली. कधी येशील विचारलं. बाळ दीड-दोन महिन्यांचं होईल तेव्हा.

मी म्हणालो, थांब, मी सोडतो गाडीने. ती म्हणाली, नको, मला वेळेवर पोचायचंय.

आठव्या महिन्याच्या या प्रकाराला डॉक्टरी आधार काही नाही, हे मी नेटवर पाहिलं. वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
तळ्याला जाऊन आलो. गाडीने. खरंच सांगतो, पाण्याचा ग्लास नेला होता सोबत, डॅशबोर्डवर ठेवला. नागोठण्याला सांडला.

बाबाजी बाहेर आले, टायर पाहिले, छान आहेत म्हणाले. शुभमरावांनी भाव विचारला. मी सांगितला, वापीचा. अलॉय, लॉज, टेम्पो यातलं काही सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. नीराबाईंनी घावने केले होते. मागच्या खोलीत पंख्याखाली नेत्रा आणि किशोरी बसल्या होत्या. नीराबाई येता-जाता नेत्राच्या पायाखाली उशी सरकवत होत्या. मी त्यांच्यावर घेतलेला संशय इथे लिहिलाय, तो खोडत नाही, पण तो चुकला होता.

निघताना नेत्रा पायरीपर्यंत आली. मी तिला टायर दाखवले. म्हटलं, बघ, तुझ्यासाठी कोरे ठेवले होते. तिने पाहिले, आणि मग ती बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"पप्पा, टायर कोणी मागितले होते? तुम्ही नुसते आला असतात ना, तर मी तुमच्याबरोबर एसटीनेसुद्धा आले असते. पंधरा दिवस बॅग दारामागे होती."

निकेत, बुधाजी, वापीचा शेठ, मुंबईची पार्टी, सगळे आठवून पाहिले. यात त्यांच्यापैकी एकाचंही नाव घालता येईना. लाज वाटली. एवढ्या महिनाभरात मी सगळ्यांना फोन केले, आवाज बदलूनसुद्धा केले, आणि तिला एकदाही विचारलं नाही की बाई, तुला कसं यायचंय.

बाबाजींनी फाटकापर्यंत सोडलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काळजी न्हाय करायची, काय झालं का पयला फोन तुमालाच. कळवतो.

गाडी इंदापूरला येईपर्यंत ते वाक्य कानात होतं. ते वाक्य माझं आहे. पहिल्या खेपेला मुलीचा बाप ते म्हणतो. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, पुडा घेऊन माहेरचा माणूस सासरी जातो आणि सांगतो की झालं, दोघंही सुखरूप आहेत. माझ्या सासऱ्यांनी नेत्राच्या वेळी भर दुपारी सायकलवरून आणली होती बर्फी.

आता तळ्याहून कोणीतरी पुडा घेऊन किहीमला येईल, आणि मी घरात एकटा असेन, आणि उठून दार उघडीन.